बुरसट कडब्याची धूळ व फुप्फुसांतील राखणदार पेशी

शेतकऱ्याचा धंदा आणि धूळ यांची ताटातूट अद्याप कोणासही करतां आलेली नाहीं. नांगरटीची धूळ, मळणीची धूळ, उफणणीचा भुसा, कुट्टीचा फुफाटा, हें सर्व नाकातोंडांत घेऊनच आमच्या पिढ्या वाढल्या. मातीनें कोणी मरत नाहीं असें वडील माणसें म्हणत, व तें बव्हंशीं खरेंही आहे. परंतु सर्वच धूळ माती नसते. ओली रचलेली गंजी फोडली असतां तिच्या पोटांतून जी पांढुरकी, कुबट वासाची धूळ उठते ती मातीची नसून कोट्यवधि सूक्ष्म जीवांच्या बीजाणूंची असते. आणि ती मनुष्याच्या फुप्फुसास एका विलक्षण रीतीनें निकामी करूं शकते. ही रीत कोणती, ती सूक्ष्मदर्शक यंत्रांतून शास्त्रज्ञांस कशी दिसत गेली, आणि त्यावरून आपण काय शिकावयाचें, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

विषय हातीं घेण्यास कारण घडलें तें असें. आमच्या मंडळाचे एक जुने सभासद आहेत. घरीं आठ जनावरें, वैरणीचें काम बहुतेक त्यांचेंच. तीन वर्षांपूर्वीं हिवाळ्यांत त्यांस खोकला व धाप लागूं लागली. सकाळीं वैरण काढावी आणि संध्याकाळीं हुडहुडी भरून ताप यावा. दोन दिवसांनीं तो आपोआप उतरावा. पहिल्या वर्षीं हिंवतापाचें औषध झालें. दुसऱ्या वर्षीं वजन घटलें, छातीच्या क्ष-किरण चित्रांत डाग दिसले. थुंकींत क्षयाचे जंतु सांपडले नाहींत, तरी क्षयच असावा असें धरून सहा महिन्यांचा औषधक्रम पुरा करण्यांत आला. गुण आला नाहीं. गांवांत मात्र क्षयाचा बोभाटा झाला, आणि नातवंडांस त्यांच्यापासून दूर ठेवण्यांत आलें. याचें दुःख रोगाहून अधिक होतें, असें ते आम्हांस म्हणाले.

मुलीकडे शहरांत महिनाभर राहिलें कीं धाप कमी होते आणि घरीं येऊन गंजीस हात लावला कीं ती परत उठते, ही गोष्ट प्रथम त्यांच्या सूनबाईंच्या ध्यानांत आली. पुढें पुण्यास एका डॉक्टरांनीं त्यांस विचारलें, "बाबा, तुम्ही दिवसभर काम कसलें करतां?" दोन वर्षांत हा प्रश्न त्यांस पहिल्यांदाच विचारला गेला. त्या प्रश्नाचें उत्तर व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलेले थेंबभर पाणी, या दोहोंनीं रोगाचें खरें नांव सांपडलें. तें पाणी कसलें, हें समजण्यासाठीं आधीं फुप्फुसाची घडण पाहूं.

फुप्फुसाची घडण

पुष्कळांची अशी समजूत असते कीं फुप्फुस म्हणजे भात्यासारखी एक पोकळ पिशवी. वस्तुतः तें मधमाशांच्या पोळ्यासारखें आहे. श्वासनलिकेस फांद्या फुटतात, त्या फांद्यांस डहाळ्या, आणि शेवटीं द्राक्षाच्या घडासारखे चिमुकले वायुकोश. इटलीच्या मार्सेलो माल्पिगी यानें बेडकाच्या फुप्फुसावर सूक्ष्मदर्शक धरून हे वायुकोश, आणि त्यांच्या भिंतींतून धांवणाऱ्या केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या, १६६१ सालीं जगास प्रथम दाखविल्या. सूक्ष्मदर्शकानें वैद्यकास दिलेली ही अगदीं आरंभीची देणगी होय, व ती फुप्फुसांतूनच मिळाली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

मनुष्याच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे वायुकोश सरासरीनें सुमारें ४८ कोटि भरतात, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या काटेकोर मोजणीवरून ठरलें आहे. त्यांची भिंत इतकी पातळ कीं हवा आणि रक्त यांमध्यें कित्येक ठिकाणीं एक मायक्रॉनही अंतर नसतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. या भिंतीवर पेशींचें अखंड अस्तर आहे कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत बरीच वर्षें वाद होता, कारण साध्या प्रकाशाच्या यंत्रास तें दिसत नसे. प्रकाशाऐवजीं विद्युत्कणांचा उपयोग करणारा सूक्ष्मदर्शक जर्मनींत १९३१ सालीं तयार झाला, आणि त्याच्या साह्यानें अमेरिकेच्या फ्रँक लो यानें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तें अस्तर अखंड असल्याचें दाखवून वाद मिटविला.

एवढ्या नाजुक भिंतीपर्यंत बाहेरची हवा दिवसभर जात असते, आणि हवेबरोबर धूळही. मोठे कण नाकांत व घशांत अडकतात. त्याहून बारीक कण श्वासनलिकेच्या शेंबड्या अस्तरास चिकटून खाकरून बाहेर पडतात. परंतु एक ते पांच मायक्रॉनांचे कण थेट वायुकोशांत उतरतात. तेथें ना शेंबूड, ना केंस. तेथील राखण एका निराळ्याच मंडळीकडे सोंपविलेली आहे.

राखणदारांचा शोध

या राखणदारांचा शोध ज्यानें लावला तो एली मेचनिकॉफ शेतकऱ्यांसही परका नाहीं. तो काळ्या समुद्रावरील ओदेसा येथें प्राध्यापक असतां त्या मुलुखांतील गव्हावर एका भुंग्याची धाड पडली होती. त्या भुंग्यास होणाऱ्या हिरव्या बुरशीचा अभ्यास करून, तीच बुरशी वाढवून शेतांत टाकावी व कीड मारावी, अशी कल्पना त्यानें १८७९ सालीं मांडली. आज ऊसवाले शेतकरी हुमणीवर जें मेटारायझियम वापरतात तें त्याच बुरशीच्या कुळांतलें. कीड व बुरशी यांची झुंज पाहणाऱ्या या मनुष्याच्या मनांत पुढें साहजिकच प्रश्न आला कीं, प्राणी स्वतः आपला बचाव कसा करतो?

१८८२ सालीं तो सिसिली बेटावर मेसिना येथें राहत होता. घरचीं माणसें सर्कशींतलीं वानरें पाहण्यास गेलीं होतीं, आणि हा एकटाच यंत्रास डोळा लावून तारामाशाच्या कांचेसारख्या पारदर्शक डिंभाकडे पाहत बसला होता. त्याच्या अंगांत हिंडत्या पेशी दिसत होत्या. काटा टोंचला तर या पेशी धांवून येतील काय, असें मनांत येऊन त्यानें बागेंतील गुलाबाचे काटे आणून त्या डिंभाच्या अंगांत टोंचले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतो तों काट्याभोंवतीं पेशींचा गराडा पडलेला! परकी वस्तु गिळून टाकणाऱ्या या पेशींस भक्षक पेशी असें नांव पडलें. वायुकोशांत गस्त घालणारे राखणदार ते हेच. जर्मनीच्या पॉल एर्लिक यानें निरनिराळ्या रंगांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या जाती ओळखण्याची विद्या सिद्ध केली. दोघांस मिळून १९०८ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

या जातींपैकीं तिघींची ओळख वाचकांनीं ठेवावी. पहिली मोठी भक्षक पेशी. ही वायुकोशांतच वास्तव्य करते आणि आलेली धूळ, जंतु, मेलेल्या पेशी गिळून जागा स्वच्छ ठेवते. दुसरी धावणी पेशी. ही रक्तांतून हिंडते आणि बोलावणें आलें कीं घोळक्यानें येते, जंतूंस मारते, परंतु मारतांना जें दाहक द्रव्य सांडते त्यानें आसपासची भिंतही पोळते. तिसरी लसिका-पेशी, ही पूर्वीं आलेला शत्रु ओळखून ठेवते आणि पुन्हां तो दिसला कीं इतरांस चेतविते. शेतावर जसा झाडलोट करणारा गडी, कुऱ्हाडवाला गडी आणि ओरडून गांव गोळा करणारा जागल्या, तशा या तिघी.

गवताचा ताप

इंग्लंडच्या वायव्येस वेस्टमोरलंड म्हणून पावसाळी मुलूख आहे. तेथें गवत नीट न वाळतांच साठविलें जाई. असें बुरसट गवत हाताळल्यावर कांहीं तासांनीं मजुरांस ताप, थंडी, खोकला व धाप लागते, असें डॉ. कॅम्पबेल यांनीं १९३२ सालीं लिहून प्रसिद्ध केलें. या रोगास पुढें 'शेतकऱ्याचें फुप्फुस' असेंच नांव पडलें. याच्याही पुष्कळ आधीं, १७०० सालीं, इटलीच्या रामाझिनी यानें कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत धान्य चाळणाऱ्या व मोजणाऱ्या लोकांच्या धापेचें वर्णन आहे. रोग जुना, कारण तेवढें अज्ञात होतें.

कारण सांपडलें तें शेतकी संशोधनाच्या साह्यानेंच. इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील ग्रेगरी, लेसी प्रभृति संशोधकांनीं ओलें गवत मुद्दाम रचून पाहिलें. तें ओल्या उकिरड्याप्रमाणें आंतून तापूं लागलें आणि उष्णमान ६० अंश सेंटिग्रेडच्याही वर गेलें. त्या उष्णतेंत साधी बुरशी मागें पडते आणि उष्णता मानवणारे धाग्यासारखे जीवाणु माजतात. त्यांचे बीजाणु सुमारें एक मायक्रॉनाचे. म्हणजे नाकानें अडवावे तर फार बारीक, आणि वायुकोशांत उतरण्यास अगदीं बेताचे. १९६३ सालीं लंडनचे डॉ. जॅक पेपिस आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, या जीवाणूंविरुद्ध तयार झालेलीं द्रव्यें रोगी शेतकऱ्यांच्या रक्तांत सांपडतात.

हा रोग केवळ गवताचा नव्हे. उसाचा रस काढून उरलेला भुसा ओला साठविला असतां त्यांतही असेच जीवाणु वाढतात. त्या धुळीनें होणारा रोग अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतांत १९४१ सालीं वर्णिला गेला. अळिंबीच्या खतांत काम करणारे, कबुतरें पाळणारे, बुरसट धान्य उपसणारे, या सर्वांस तसाच रोग होऊं शकतो. आमच्याकडे पावसांत भिजलेला कडबा, सोयाबीनचें कुजकें भुसकट, कारखान्याच्या आवारांतील उसाच्या भुशाचे ढीग हीं त्याचीं ठिकाणें होत.

थेंबभर पाण्याची साक्ष

आतां त्या पाण्याकडे वळूं. १९७४ च्या सुमारास एक उपयुक्त रीत रूढ झाली. बारीक लवचिक नळी श्वासनलिकेंतून फुप्फुसाच्या एका फांदीपर्यंत उतरवावयाची, थोडें मिठाचें निर्जंतुक पाणी सोडावयाचें आणि हलकेच परत ओढून घ्यावयाचें. त्या धुवणाबरोबर वायुकोशांतील पेशी बाहेर येतात. त्या कांचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं एक एक मोजतात.

विडी न ओढणाऱ्या निरोगी मनुष्याच्या धुवणांत शंभरांपैकीं ऐंशीच्या वर मोठ्या भक्षक पेशी असतात, लसिका-पेशी दहा-पंधरा, आणि धावण्या पेशी दोन-तीनांच्या आंत. बुरसट धुळीच्या रोगांत हें माप उलटतें. लसिका-पेशींची संख्या बहुधा शंभरांत तिसाच्या वर, आणि कित्येकदां पन्नासाच्याही वर जाते. आमच्या सभासदांच्या धुवणांत त्या निम्म्याहून अधिक निघाल्या, आणि क्षयाचे जंतु कोणत्याही परीक्षेंत सांपडले नाहींत. अर्थात् केवळ या एका मोजणीवरून निदान करीत नाहींत. धंद्याची हकीकत, छातीचें संगणकी क्ष-किरण चित्र आणि धुवण या तिहींची सांगड घालावी लागते.

येथें क्षयाविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. रॉबर्ट कॉक यानें २४ मार्च १८८२ रोजीं क्षयाचा जंतु जाहीर केला तोही सूक्ष्मदर्शकाच्याच बळावर. परंतु थुंकीच्या एका मिलिलिटरांत पांच ते दहा हजार जंतु असल्याखेरीज साध्या तपासणींत ते दिसत नाहींत. म्हणून थुंकी स्वच्छ आली तरी क्षय नाहीं असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं, आणि आपल्या देशांत क्षय फार असल्यामुळें डॉक्टरांचा कल त्याचें औषध देण्याकडे होतो. त्यांत त्यांचा सर्वस्वीं दोष नाहीं. मात्र औषध पुरें होऊनही गुण नसेल तर दुसरें कारण शोधणें, आणि रोग्यानेंही आपल्या कामाची हकीकत न विचारतां सांगणें, हें दोघांचें कर्तव्य आहे.

जिवंत फुप्फुसांतील देखावा

धुवणांतल्या पेशी मेलेल्या व रंगविलेल्या असतात. त्यांवरून कोण आलें होतें तें समजतें. तीं मंडळी तेथें काय करीत होती तें समजत नाहीं. जत्रा उठल्यावर चपला मोजाव्या तसें हें. जिवंत फुप्फुसांत पेशी चालतांना पाहावयाच्या तर तीन अडचणी होत्या.

पहिली अडचण ओळखीची. पेशी सगळ्या सारख्याच फिक्या. १९४१ सालीं अमेरिकेच्या अल्बर्ट कून्स यानें विशिष्ट पेशीस वा जंतूसच चिकटणाऱ्या प्रतिद्रव्यास चकाकणारा रंग जोडण्याची युक्ति काढली. पुढें समुद्रांतील एका छत्रीमाशाच्या अंगांतील हिरवा चकाकणारा पदार्थ हातीं आला. ज्या उंदरांच्या ठराविक पेशी जन्मतःच हिरव्या चकाकतात अशी पैदास त्यामुळें करतां आली. या शोधास २००८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरी अडचण खोलीची. शरीराचा मांसल भाग गढूळ पाण्यासारखा. वरचा-खालचा सर्व प्रकाश मिसळून चित्र पुसट होतें. अमेरिकेच्या मार्व्हिन मिन्स्की यानें १९५७ सालीं यावर एक तोड सुचविली. नेमक्या एका पातळीवरून येणारा प्रकाश तेवढा एका बारीक छिद्रांतून घ्यावयाचा व बाकीचा अडवावयाचा. तरीही फार खोल जातां येईना. १९९० सालीं डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनीं दुसरीच वाट काढली. त्यांनीं तांबड्यापलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा, दुबळा पण खोल जाणारा प्रकाश वापरला. या प्रकाशाचा एक कण पेशीस चकाकवूं शकत नाहीं. दोन कण एकाच क्षणीं येऊन पडले तरच ती चकाकते. एकट्या गड्यास न उचलणारें पोतें दोघांनीं एकदम हात घातल्यास उचलतें, तसाच हा प्रकार. असे दोन कण एकत्र गांठ पडण्याइतकी दाटी केवळ किरणांच्या टोंकावरच होते. म्हणून जेथें पाहावयाचें तेवढाच ठिपका उजळतो आणि आजूबाजूचा गढूळपणा आड येत नाहीं.

तिसरी अडचण फुप्फुसाच्या हालचालीची. तें क्षणभरही स्वस्थ नसतें, आणि हलत्या वस्तूचें चित्र उमटत नाहीं. २०११ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील संशोधकांनीं गुंगी दिलेल्या उंदराच्या छातीस एक लहानशी खिडकी बसविली आणि हवेच्या अगदीं हलक्या ओढीनें फुप्फुसाचा तेवढाच भाग कांचेस टेकवून स्थिर धरला. उरलेलें फुप्फुस नेहमींप्रमाणें हालत राहिलें. त्या खिडकींतून जिवंत रक्तवाहिन्यांत धावण्या पेशी कशा थबकतात आणि दाह सुरू झाला कीं कशा गोळा होतात, तें प्रत्यक्ष दिसूं लागलें. याच युक्तीनें २०१७ सालीं आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. रक्त गोठविणाऱ्या चकत्या केवळ हाडांच्या मगजांत होतात अशी समजूत होती. उंदरांत त्यांपैकीं सुमारें निम्म्या फुप्फुसांत तयार होतात असें आढळलें.

आमच्या विषयास सर्वांत जवळचा देखावा कॅनडांतील कॅल्गरी येथून २०२० सालीं आला. वायुकोशांतील मोठ्या भक्षक पेशी एकाच जागीं बसून असतात अशी सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षांत त्या शेजारच्या वायुकोशांस जोडणाऱ्या बारीक भोंकांतून एका कोशांतून दुसऱ्यांत सरपटत जातांना दिसल्या. धुळीबरोबर आलेला जंतु त्या गिळतात, इतकेंच नव्हे तर त्यास झांकून टाकतात, जेणेंकरून दाहक धावण्या पेशींस त्याचा सुगावाच लागूं नये. म्हणजे चांगल्या राखणदाराचें काम केवळ चोर धरणें नव्हे. बोभाटा न करतां चोर धरणें, हें होय. आणि इन्फ्लुएंझा झालेल्या उंदरांत याच पेशींचें चालणें मंदावलें. मग साधे जंतुही माजले. फ्ल्यूनंतर न्यूमोनिया कां होतो याचें एक कारण त्यांतून उमगलें.

हे सर्व देखावे उंदरांतले आहेत, हें आम्ही वाचकांपासून लपवीत नाहीं. मनुष्याच्या छातीस अशी खिडकी बसवितां येत नाहीं. मनुष्याच्या बाबतींत धुवण, आणि जरूर पडल्यास फुप्फुसाचा काढलेला बारीक तुकडा, यांवरच भिस्त ठेवावी लागते.

कुंपणच शेत खातें

आतां या सर्वांचा मेळ घालूं. बुरसट धूळ प्रथम येते तेव्हां भक्षक पेशी ती निमूटपणें गिळतात. परंतु रोज कोट्यवधि बीजाणु येऊं लागले म्हणजे कांहीं माणसांत लसिका-पेशी त्यांस कायमचा शत्रु ठरवितात. त्यानंतर थोडीही धूळ आली कीं हाकाटी होते. चार ते आठ तासांत धावण्या पेशींचे थवे येतात. संध्याकाळची हुडहुडी ती हीच. पुढें लसिका-पेशी ठाण मांडून बसतात. भक्षक पेशी एकमेकींस बिलगून गांठी बनवितात. सूक्ष्मदर्शकांत या गांठी क्षयाच्या गांठींच्या दूरच्या बहिणी वाटतात. परंतु त्या सैल व अस्ताव्यस्त असतात, क्षयाच्या गांठींप्रमाणें त्यांचा मध्य सहसा चिजासारखा नासत नाहीं, आणि त्यांत क्षयाचा जंतु नसतो.

ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, येथें बीजाणु फुप्फुसांत रुजत नाहींत, वाढत नाहींत, कोणास संसर्गही करीत नाहींत. नासधूस करतो तो आपलाच राखणदार. कुंपणच शेत खातें तें असें. आणि वर्षानुवर्षें दाह चालला म्हणजे जखमेवर व्रण धरावा तसे चिवट तंतु वायुकोशांच्या भिंतींत भरतात. हे तंतु दोन-कणी प्रकाशाच्या यंत्रांत कोणताही रंग न देतां स्वतःच उजळतात, त्यामुळें त्यांचें जाळें किती पसरलें तें पाहतां येतें. मऊ पोळें वाळून लांकडासारखें होतें. मग तें फुगत नाहीं. दाह ओसरूं शकतो, पण एकदां पडलेला व्रण मागें फिरत नाहीं. जुन्या रोगांत व्रणाची वाढ मंद करणारीं औषधें अलीकडे निघालीं आहेत. तींही वाढ मंद करतात, व्रण पुसत नाहींत.

यावरूनच उपायाची दिशा ठरते. जंतूंस मारणारीं औषधें येथें निरुपयोगी, कारण मारावयास जंतूच नाहीं. दाह शमविणारीं स्टेरॉइड औषधें तात्पुरता आराम देतात. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नयेत, कारण क्षय लपलेला असल्यास तो उफाळतो. खरा उपाय धूळ टाळण्याचा. राखणदारास शत्रु दाखविणेंच बंद केलें म्हणजे तो शांत होतो.

आपल्या देशांतील स्थिति

हा रोग थंड देशांतला, आपल्याकडे कोठून येणार, असें कोणी म्हणतील. त्यांनीं पुढील आंकडे पाहावे. फुप्फुसाच्या भिंती घट्ट करणाऱ्या रोगांची एक मोठी नोंद मार्च २०१२ ते जून २०१५ या काळांत भारतांतील १९ शहरांतल्या २७ केंद्रांनीं मिळून केली व ती २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील १,०८४ रोग्यांपैकीं ४७.३ टक्के रोगी याच जातीच्या, म्हणजे श्वासांतील धुळीवर उलटणाऱ्या राखणदारांच्या, रोगाचे निघाले. आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांचा संबंध हवा थंड करणाऱ्या कूलरशीं आला होता. कूलरच्या ओल्या जाळींत व सांचल्या पाण्यांतही बुरशी वाढते आणि पंखा ती थेट तोंडावर फेंकतो. विदर्भ-खानदेशांतील वाचकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. गंजीपासून दूर राहणारा मनुष्यही यांतून सुटत नाहीं.

शेतकऱ्यानें काय करावें

१. कडबा, गवत, भुसकट हें पुरें वाळल्यावांचून रचूं नये. पेंढी पिळली असतां ओल लागतां कामा नये. पावसांत भिजलेली पेंढी निराळी काढून पुन्हां वाळवावी. कोरड्या गंजींत मिसळूं नये.

२. गंजी थेट जमिनीवर न रचतां लांकडें वा दगड घालून उंचवट्यावर रचावी, आणि वरून पाणी न मुरेल असा आडोसा करावा. रचल्यावर आठ-दहा दिवसांनीं आंत हात घालून पाहावा. ऊब लागल्यास गंजी उकलून वारा द्यावा.

३. हिरवी वैरण वाळविण्यास हवामान अनुकूल नसेल तर ती हवाबंद करून मुरघास करावा. हवा नसेल तेथें या जीवाणूंचें फावत नाहीं.

४. बुरसट वैरण हाताळणें भागच पडलें तर बंद गोठ्यांत न हाताळतां उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, पाण्याचा हबका मारून हाताळावी. फार बुरसलेली वैरण जनावरांसही घालूं नये. बुरशीचें विष त्यांनाही बाधतें. ती ओली करून कंपोस्टच्या खड्ड्यांत टाकावी.

५. तोंडास उपरणें बांधल्यानें एक मायक्रॉनाचा बीजाणु अडत नाहीं. औषधांच्या दुकानीं एन-९५ या नांवाचा मुखवटा मिळतो, तो नाकास घट्ट बसवून वापरावा. तोही संपूर्ण संरक्षण नव्हे; ज्यास रोग जडलाच आहे त्यानें तें काम दुसऱ्यावर सोंपवावें.

६. कूलरची जाळी दरसाल बदलावी, पाणी वरचेवर काढून टांकी घासून वाळवावी. राहत्या घरांत व माळ्यावर कबुतरांस घरटीं करूं देऊं नयेत.

७. काम केल्यावर चार ते आठ तासांनीं थंडी-ताप येत असेल, परगांवीं गेल्यावर तो थांबत असेल, तर किती दिवस कोणतें काम केलें व केव्हां ताप आला याची वहींत नोंद ठेवावी आणि ती डॉक्टरांपुढें ठेवावी. उत्तम यंत्रासही जें दिसत नाहीं तें कित्येकदां या वहींत दिसतें.

आमच्या त्या सभासदांनीं गेल्या दोन हंगामांत गंजीस हात लावलेला नाहीं. वैरणीचें काम मुलानें उघड्या अंगणांत, मुखवटा बांधून, आपल्याकडे घेतलें आहे. ताप परत आला नाहीं. धाप पुष्कळ कमी झाली. चढ चढतांना मात्र ती लागते आणि लागत राहील, कारण दोन वर्षांत पडावयाचे ते व्रण पडून गेले. नातवंडें आतां त्यांच्याच अंथरुणावर निजतात. पहिल्याच हिवाळ्यांत रोग ओळखला गेला असता तर चढावरची धापही राहिली नसती, असें त्यांस वाटतें, आणि आम्हांसही वाटतें. म्हणून हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक सभासद बंधूनें तो घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि या वर्षींची गंजी रचण्यापूर्वीं एक पेंढी हातांत घेऊन पिळून पाहावी, एवढी आमची विनंती आहे.